बजरंगच्या गोळ्या

नारायण पेठ, पुणे
२० जून २०१७

प्रिय मैना,

परवा रविवारी मी वारज्याला तुमच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरले. तुझ्या आई, सोजरबाई, ओट्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या, आतून तुझ्या भांडी घासण्याचा आवाज येत होता. कॉलेजात असताना तुमच्या घरात न विचारता शिरून थेट दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उघडणारी मी, आणि परवा कडीला हात लावायची हिंमत झाली नाही. म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल. पण शेवटपर्यंत वाच.

माझं कर्वेनगरचं उपचाराचं सेंटर महिनाभर बंदच आहे. ज्यांना वेळा दिल्या होत्या त्यांना फोन करून नाही म्हटलं. एका आजोबांनी विचारलं, "बंद म्हणजे उन्हाळ्यापुरतं, की आपण आजारी आहात?" मी आजारी आहे म्हणाले. सोपं पडलं.

फेब्रुवारीत तू बजरंगला पहिल्यांदा घेऊन आलीस ती दुपार सारखी डोळ्यांपुढे येते. मोटरसायकलवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागल्याला वर्ष होत आलं होतं. जखमा भरल्या होत्या, पण तुझा भाऊ तुला परत मिळाला नव्हता. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा, झोप नाही, धार काढताना हात थरथरायचे. मधे दोनदा फीट आली म्हणून डॉक्टरांनी कायमच्या गोळ्या लावल्या होत्या. तू त्या दर रविवारी सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवायचीस. माझ्याकडच्या उपचाराला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती ती एकाच अटीवर, गोळ्या बंद होता कामा नयेत.

त्याच्या दोन्ही कानांना क्लिपा लावून मी मशीन सुरू केलं. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "ताई, करंट सोडलाय का नाय? का लाईट गेली?" आपण दोघी किती हसलो. मग मी त्याला समजावलं की हा प्रवाह इतका बारीक असतो, बहुतेकांना तो जाणवतही नाही. सतत ताणलेल्या मज्जासंस्थेला थोडी उसंत मिळावी, झोप लागावी, एवढीच त्याच्याकडून आशा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि डॉक्टरांच्या औषधाची जागा हे घेऊ शकत नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं, तुझ्यासमोर.

तिसऱ्या आठवड्यात तो खुर्चीतच घोरायला लागला. तू दार ढकलून आत डोकावलीस आणि ओढणी तोंडाशी धरून तशीच उभी राहिलीस. त्यानंतर तो एकटाच येऊ लागला. एकदा जायफळ घातलेला खरवस घेऊन आला. गप्पाही मारायचा. "वारज्यात आता म्हशींपेक्षा सोसायट्यांचे वॉचमन जास्त झाल्यात," म्हणायचा. पेल्यातलं पाणी न सांडता प्यायला लागला होता. मी ते रोज बघायची.

आता जे लिहायचं ते लिहिते. एप्रिलच्या मध्यावर, क्लिपा लावत असताना तो म्हणाला, "ताई, गोळ्या बंद केल्यात. वीस दिवस झालं. त्या खाल्ल्या की डोस्कं जड हुतं, दिसभर पेंगल्यागत वाटतं. तुमच्या मशिनीनंच मी माणसात आलो. मैनाला सांगू नका, उगा घोर लावून घेईल." डबीतली गोळी तो रोज सकाळी गोठ्याच्या मोरीत टाकत होता.

मी म्हणाले, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नये रे." बस्स, एवढंच. दटावलं नाही, उपचार थांबवला नाही, डॉक्टरांना की तुला, कुणालाच फोन केला नाही. मला बरं वाटलं होतं, मैना. बारा वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवून घेतल्यावर माझ्या स्वतःच्या खोलीत एक माणूस बरा झाला होता, आणि तो माझं नाव घेत होता. दर आठवड्याला कार्डावर एक ओळ भरायची असते, औषधे नियमित चालू आहेत का. त्यापुढे मी "होय" लिहिलं. पुढच्या आठवड्यात लिहिलं. त्याच्या पुढच्याही. ते कार्ड या पत्राला जोडलं आहे, अक्षर माझंच आहे.

नऊ मेच्या सकाळी तो म्हैस धुवायला हौदाशी गेला आणि तिथेच त्याला फीट आली. हौदात गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. पालथ्या पडलेल्या माणसाला तेवढंही पुरलं.

तेराव्याला मी तुझ्या शेजारी बसले होते. तू डबी मांडीवर घेऊन एकेक कप्पा उघडत होतीस, मिटत होतीस. म्हणालीस, "आनंदी, माझ्याच हातून चूक झाली असणार. शेवटच्या वेळी दुकानदारानं वेगळ्या रंगाची पट्टी दिली होती, मी नीट पाहिली नाही." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एका वाक्याचं काम होतं आणि माझं तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या शेजारची शकू मंडईत भेटली. सोजरबाई तुझ्याशी बोलत नाहीत, तुझ्या हातचं पाणीही घेत नाहीत, म्हणाली. "पोरीनं पोराला चुकीची गोळी चारली" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते ऐकूनच मी परवा तुमच्या फाटकापर्यंत आले होते. मैना, तू गोळ्या बरोबर भरल्या होत्यास, प्रत्येक रविवारी. त्यानं त्या घेतल्या नाहीत, आणि ते मला ठाऊक होतं. काल डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. तुला माझं जे काही करायचं असेल ते कर, तक्रार दे, मी इथेच आहे. माफी मागत नाही. मागितली तर उत्तर द्यायचं ओझं पुन्हा तुझ्यावरच. फक्त एक कर. हे पत्र आजच सोजरबाईंना वाचून दाखव, मोठ्यानं, एकही ओळ न गाळता. त्यांनी मला काय शिव्या घालायच्या त्या घालू देत, पण आज त्यांनी तुझ्या हातचं पाणी प्यावं.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
आनंदी