फिल्मवरची पाठवणी

१० जानेवारी १९७१

कॉलेजच्या मराठीच्या सरांनी कुसुमला सांगितलंय, फिल्म पुरी होईपर्यंत रोजचं रोज लिहून ठेवायचं. ही तीन दिवस कोरी वही मांडीवर घेऊन बसली. नातीला काही सुचत नाही आणि आजीचं तोंड राहत नाही. म्हटलं, मी सांगते, तू उतरव. सरांना दाखवायची तुझी वेगळी, ही माझी. मला अक्षर येत नाही म्हणून माझं काही घडत नाही असं थोडंच आहे? अट एकच, मधे आपलं शहाणपण घालायचं नाही. पण घालतेच. मी 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहिते. लिही बाई.

फिल्मचं असं. जूनमध्ये कॉलेजात पोरं यावीत, पोरी तर यायलाच हव्यात, म्हणून बाजाराच्या गावी पडदा लावून कॉलेज दाखवायचं. सगळं पोरापोरींनीच करायचं. सर नुसते 'वा वा' म्हणणार.

१२ जाने.

कुसुमची मैत्रीण रूथ आली. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, तिथल्या जुन्या पाद्रीसाहेबांचा कॅमेरा त्यांच्याकडे राहिलाय. तो चालवता येतो ते कॉलेजात एकट्या रूथला. पोरांना त्याचं लई दुःख.

कॅमेऱ्याला घड्याळासारखी किल्ली. करकर करकर भरायची, मग अर्धं मिनिट चालतो आणि बसतो. आवाज धरत नाही, नुसतं दिसतं तेवढं घेतो. म्हटलं, चांगला आहे, आमच्या आप्पासारखा नाही. तो दिसतो कमी, वाजतो जास्त. कुसुम हे लिहायला तयार नव्हती. बापाबद्दल आहे म्हणून. मी म्हटलं, तुझा बाप असेल, माझा पोरगा आहे.

शेजारीण कानात म्हणाली, "किरिस्तावाची पोरगी ना व्हय ती?" म्हटलं, "व्हय. आन भाकरी तुझ्यापरीस गोल करती."

१५ जाने.

आज अक्षर बदललंय. सून लिहितेय, शांता. चौथी पास आहे, अक्षर वांग्याएवढं. कुसुम कॉलेजात गेलीय आणि हे तिला सांगायचं नाही.

काल सणाचं निमित्त करून सोयरिकी जुळवणारे तात्या आले. काष्टीचं स्थळ आहे. (शांते, गावाचं नाव लिहू नको, नुसतं 'का.' लिही. लिहिलंस? मग खोड.) बागायत आहे, मुलगा एकुलता. त्यांचं म्हणणं, लग्न वैशाखात, आणि पोरगी यापुढं शिकायची नाही. आप्पाने निम्मा होकार दिलाय. बघायला येतील त्याच्या आदल्या दिवशी कुसुमला सांगायचं म्हणतो. "आधी सांगितलं तर पोरगी आभ्यासातबी ऱ्हाणार न्हाई आन लग्नातबी."

मी म्हटलं, "तिला एकदा इचार तरी."

"आये, तुला इचारलं हुतं का कुनी?"

नव्हतं. नऊ वर्षांची होते. काय विचारणार होते, बाहुली घेऊन येऊ का म्हणून?

शांता लिहितालिहिता डोळे पुसतेय, शाई फुटली. हे पान आणि पुढचं पान दोरा घालून शिवून टाकणार आहे.

१८ जाने.

पुन्हा कुसुम लिहितेय. विचारते, "आजी, पानं का शिवलीस?" म्हटलं, फाटली होती.

सर आप्पाची परवानगी घ्यायला घरी आले. त्यांच्या फिल्मची सुरुवात अशी की खेड्यातली मुलगी वसतिगृहात राहायला निघते. आई निरोप देते, एस.टी. येते, मुलगी जाते. मग कॉलेज. ही मुलगी म्हणजे कुसुम. खरं तर ती रोज घरून जाऊनयेऊन करते, पण फिल्मचं तसंच असतं म्हणे.

आप्पा म्हणाला, "कॉलेज दावा, इमारत दावा, मास्तर दावा. पोरीचं तोंड चारचौघांत पडद्यावर दिसता कामा नये."

सर लई विनवत होते. शेवटी ठरलं, कुसुमने डोक्यावरून पदर घ्यायचा, मान खाली घालायची. पुढं कॉलेजात जिथं जिथं तोंड दिसेल तिथं कात्री.

सर गेल्यावर कुसुम म्हणाली, "आप्पांना अचानक काय झालं? गॅदरिंगच्या नाटकाला तर स्वतः पुढं बसले होते."

शांता चुलीपाशी गेली. मी वाळवणाकडं. जिला तिला एकदमच काम आठवलं.

२१ जाने.

शूटिंग झालं. पाय दुखतात पण बसवत नाही, तेव्हा लिही.

सरांनी शांताला समजावलं, "वहिनी, मुलगी घरातून निघते तेव्हा तुम्ही जे कराल तेच करायचं. ॲक्टिंग नको." आता शांताने पोरगी घरातून निघताना एकाच प्रकारे पाहिलीय, आणि स्वतः निघाली तीही तशीच. तिने सुपात तांदूळ घेतले, नारळ घेतला, खण घेतला आणि भरली ओटी. कुसुमला नवं लुगडं, डोक्यावरून पदर, मान खाली. हातावर दही. आणि शांता अशी रडली, अशी रडली की सरांचा चष्मा ओला झाला. त्यांना वाटलं, काय सहज काम करते ही बाई. मला माहीत होतं ती का रडतेय.

रूथची किल्ली मधेच संपली. पुन्हा करा म्हणाली. शांता दुसऱ्यांदा जास्त रडली.

एस.टी.चा कंडक्टर भला. गाडी थांबवून ठेवली आणि स्वतःचे केस विंचरून दारात उभा राहिला. कुसुम ट्रंक घेऊन चढली, पुढच्या वळणावर उतरून चालत आली.

मला सर म्हणाले, "आजी, हात हलवा, काहीही बोला, आवाज येत नाही." काय बोललीस म्हणून कुसुम सकाळपासून मागं लागलीय. ते माझं आणि कॅमेऱ्याचं.

२९ जाने.

फिल्म धुवायला मुंबईला गेली. कॉलेजातलंही घेऊन झालं. प्रयोगशाळा, वाचनालय, खो-खो, सायकलवरच्या पोरी. धुऊन येईपर्यंत नीट आलंय का खराब झालंय, कुणालाच माहीत नाही. बाळंतिणीच्या दाराबाहेर बसल्यासारखं. तात्या परवा पुन्हा येऊन गेले, मी त्यांना

कुसुम विचारते, कोण तात्या. काही नाही. पुढची ओळ घे. आज एवढंच.

१७ फेब्रु.

फिल्म आली! नीट आलीय.

कॉलेजात जागा नाही, म्हणून रूथ दोन दिवस आमच्याकडं राहायला. खिडकीपाशी दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी पट्ट्या टांगल्यात, खाली धुतलेली उशीची खोळ धरलीय, धूळ लागू नये म्हणून. येणारीजाणारी विचारते, "आजी, कुरडया का?" जोडायचं एक छोटं यंत्र आहे. पट्टीची कड खरवडायची, त्यावर पातळ डिंकासारखं काही लावायचं आणि दाबून धरायचं. घरभर दवाखान्याचा वास. रूथ त्याला सिमेंट म्हणते. म्हटलं, मग वर एक खोलीही काढ.

पट्टी उजेडाला धरली की नखाएवढी नखाएवढी माणसं दिसतात. मला वाचता येत नाही, पण हे वाचता येतं. कुठला तुकडा कुठं शोभेल ते मी सांगते, रूथ ऐकते.

१८ फेब्रु.

आज कात्रीचं काम. आप्पाची अट. प्रयोगशाळेत कुसुम नळी धरून हसतेय, काप. सायकलवर, काप. खो देताना, काप. वाचनालयात तर नुसती नाकापुरती दिसत होती, तीही कापली. कुसुम स्वतःच कापत होती. हात नीट चालत होता, तोंड मिटलेलं.

शेवटी राहिली ती पदर घेतलेली, ओटीची, एस.टी.त चढणारी.

रूथ चिडली. "बघा आजी, हिचं कॉलेज सगळं गेलं. नुसती ओटी राहिली."

मी ती पट्टी घेऊन पुन्हा उजेडाला धरली. बराच वेळ बघितली. मग हसू आलं. "काय गं आजी?" काही नाही म्हटलं. खरंच काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे रात्रभर

राहू दे.

२ मार्च

देवळालीच्या बाजारात दिवेलागणीला पडदा लागला. बाजार उठत होता तरी माणूस जमलं. सरांनी माहिती सांगितलेली टेप फिल्मबरोबर लावायची होती. लावली आणि तेवढ्यात इलेक्शनची जीप आली. मग दुसरी, दुसऱ्या निशाणीची. भोंग्यांपुढं सरांचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. फिल्म मुकी ती मुकीच.

आणि पडद्यावर काय? नवं लुगडं, खाली मान, ओटी, रडणारी आई, ट्रंक, एस.टी. सगळ्या बाया डोळ्याला पदर लावून रडायला लागल्या! पुढं प्रयोगशाळा आली, खो-खो आला, तरी कुणाचं लक्ष नाही. एक म्हणाली, "बया, सासर लई मोठं दिसतंय. माणसं किती!"

माझ्या शेजारी एक जाड नथवाली बसली होती. मला ओळखलं, पडद्यावर हात हलवताना पाहिलं होतं ना. गाव कुठलं, घर कुणाचं, सगळं विचारून घेतलं. म्हणाली, "आजी, तुमची नात व्हय? कुठं दिली?"

मी म्हटलं, "लांब."

एवढंच म्हटलं. खोटं नाही. कॉलेज काय जवळ आहे?

९ मार्च

शांता लिहितेय.

काष्टीहून कार्ड आलं. पोस्टमनने आधीच वाचलेलं असणार, देताना हसत होता. शांताने वाचलं ते असं: "सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या कन्येचा विवाह झाल्याचे समजून आनंद वाटला. माझ्या मेहुणीने देवळालीत पाठवणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तरी आम्हांस आधी कळवले असते तर बरे झाले असते."

जाड नथवाली मुलाची मावशी निघाली.

आप्पा कार्ड हातात घेऊन घरभर फिरला. "ओटी! ओटी कुनी भराय सांगितली हुती?"

शांता प्रथमच त्याच्यापुढं बोलली. "पोर चालली म्हन्ल्यावर दुसरं काय करत्यात ते मला ठावं न्हाई. आन तोंड झाकाय म्या न्हवतं सांगितलं."

मग माझ्याकडं वळला. "आये, तू काय बोललीस त्या बाईपाशी?"

"लांब म्हन्ले."

तो कार्ड खिशात घालून ओट्यावर जाऊन बसला. मला त्याच्याकडं बघवेना. एकुलता मुलगा, बागायत. पोरीचं मी बरं केलं का वाटोळं, हे कुणी सांगेल का? ही दोन पानंही शिव गं.

१० मार्च

कुसुम लिहितेय. सगळी शिवलेली पानं उसवून वाचलीत तिने. म्हणाली, "आजी, टाके लांब लांब घातले होतेस, एका ओढीत निघाले." ओरडली नाही. तेच वाईट.

मी विचारलं, "तुला काय हवंय?"

"मला पुढं शिकायचंय. पण विचारलंस तेव्हा काष्टीचं कार्ड येऊन गेलं होतं."

हे वाक्य मीच लिहायला लावलं. माझ्याविरुद्ध आहे म्हणून गाळत होती.

१२ मार्च

आप्पा सायकल काढून कॉलेजात गेला. सरांना म्हणतो, "पोरीचं तोंड दावा. गळा दावा, मंगळसूत्र न्हाई ते दिसू द्या. काष्टीला येऊन पडदा लावा." सर म्हणाले, ते सगळं तुम्हीच कापायला लावलंत. रूथ म्हणाली, कापलेलं फेकून दिलं. खरं की खोटं, तिलाच माहीत.

परत आला तो न जेवता बसला. कुसुमने ताट नेलं. "आप्पा, जेवा. परीक्षा पुढल्या महिन्यात हाय, तोवर तरी जेवाय लागंल." तो हसला का? ओठ हलले तेवढं दिसलं.

१५ मार्च

आप्पाने कार्ड लिहायला घेतलं. म्हणजे सांगायला. त्याला सहीपुरतंच येतं. शांताचं अक्षर कार्डावर मावत नाही, म्हणून कुसुमला बसवलं.

आप्पा सुरू झाला. पोरगी कुवार आहे, फिल्म म्हणजे सोंग, ओटी म्हणजे बायकोचा येडेपणा. आमचा शब्द कायम आहे, पाडव्यानंतर कधीही बघायला या, शिक्षणाचं तुमचं म्हणणं मान्य. चहा गार झाला तरी सांगतच होता. कुसुम खाली मान घालून लिहीत होती. मी तांदूळ निवडत शेजारीच.

मला अक्षर कळत नाही. पण ओळी मोजता येतात. आप्पा एवढा बोलला आणि कार्डावर ओळी चार.

"वाच," आप्पा म्हणाला. कुसुमने वाचून दाखवलं. त्याचं सगळं बोलणं, एक शब्द न गाळता. आप्पाने सही ठोकली. मग शांताने कार्ड घेतलं, वाचलं. एकदा. पुन्हा एकदा. म्हणाली, "बराबर हाय." आणि पायात काही न घालता स्वतः पेटीत टाकून आली.

२३ मार्च

काष्टीहून काही नाही.

कुसुमला विचारलं, काय लिहिलंस? "आप्पांनी सांगितलं तेच." शांताला विचारलं. "आत्याबाई, सरका, भाकरी करपंल." घरात दोघी शिकलेल्या, आणि मला चार ओळी कुणी वाचून दाखवेना. मी एवढ्या वर्षांत कुणापासून एवढं लपवलं नाही. लपवलं होतं, पण शिवून.

आप्पा टपालाच्या वेळेला ओट्यावर येऊन बसतो. मी आत बसते आणि उठते. आताही ओट्यावरूनच सांगतेय. वळणावर सायकल दिसली. पोस्टमनच. आप्पा उठला. शांता पिठाच्या हाताने दारात आली. तो उतरतोय, थैलीत हात घातला त्याने.

कुसुमचा हात थांबलाय. म्हटलं, थांबू नको, लिहीत राहा.