राळ्याचा डोसा आणि घासलेला तवा

१२ ऑगस्ट, मंगळवार

चर्रर्र.

सकाळी हाच आवाज ऐकत जागा झालो. आईने तापल्या तव्यावर पीठ ओतलं की व्हायचा तो. साठ-पासष्ट वर्षं झाली, कानातून जात नाही. मागोमाग राळ्याच्या डोशाचा खमंग वास, धुराने भरलेलं घर, आणि मी ओसरीवर बसून कविता घोकतोय. राळ्याच्या शेतात माचाणावर उभी राहून पोपट हाकणारी मुलगी. काय कविता होती! तमिळचे मास्तर ती म्हणताना डोळे मिटायचे.

डोळे उघडले. घर गप्प. कोविलपट्टीच्या उन्हाने इतक्यात अंथरूण गाठलेलं. कॉफी नाही.

सुंदरवल्ली मदुरैला गेली आहे, धाकट्या बहिणीकडे. गुडघ्यांना विश्रांती हवी होती, असं मी गल्लीत सांगितलंय. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. रविवारी मुलगा इळंगो आणि सून आले होते, कोइम्बतूरहून. हिने डोसे वाढले. मी एवढंच म्हणालो की या घरात इतक्या वर्षांत आईच्या हातच्या राळ्याच्या डोशासारखा एक डोसा माझ्या पानात पडला नाही. साधं वाङ्मयीन विधान. सुनेसमोर बोललो म्हणून लागलं म्हणे. गॅस बंद केला, हात पुसले, पिशवी भरली आणि मुलाच्या गाडीतून मदुरैला उतरली. जाताना म्हणाली, "आता आईच्याच हातचा खा."

संकल्प: शुक्रवारपर्यंत आईचा डोसा जसाच्या तसा करायचा. शुक्रवारी ती येणारच. शुक्रवारचा दिवा आणि दारातली रांगोळी तिने कधी चुकवलेली नाही. आली की पान मांडायचं. माफी वगैरे काही नाही. डोसाच बोलेल.

१३ ऑगस्ट, बुधवार

राळ्याचं पीठ आणलं. मुख्य रस्त्यावर नवं दुकान आहे, सगळं पाकिटात. जे एकेकाळी गरिबाचं होतं ते आता मधुमेहवाल्यांचं झालंय. दुकानदाराने विचारलं, शुगर किती? मी त्याला कविता सांगायला लागलो. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पिढीच अरसिक.

पीठ पाण्यात कालवलं. डोसा म्हणजे शेवटी काय, वर्तुळ. भूमितीत माझा हात चांगला होता.

पहिला डोसा पळीला चिकटून परत वर आला. दुसरा श्रीलंकेच्या आकाराचा झाला आणि तिथेच राहिला. तिसरा सुरीने खरवडला. तुकडे चटणीपुडीशी खाल्ले. चव ओल्या भिंतीची.

संध्याकाळी शेजारची गोमती वाटीभर सांबार घेऊन आली. म्हणाली, अण्णा, नुसतं पीठ कालवून डोसा होत नाही. उडीद भिजवा, वाटा, थोडी मेथी घाला, रात्रभर आंबू द्या. मी म्हटलं, माझी आई असलं काही करत नसे. तर म्हणते, "मग आईलाच विचारून या."

बाई तोंडाळ आहे. उडीद भिजत घातले. तिच्या सांगण्यावरून नव्हे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मेथी जरा सढळ हाताने घातली होती. कवीचा हात. सकाळी पीठ पातेल्यातून उठून ओट्यावर, ओट्यावरून शेगडीखाली. पुसण्यात दोन पंचे गेले. उरलेल्याचा डोसा घातला. चिकटला. कडूजहर.

बराच विचार केल्यावर दोष सापडला. तवा.

हा तवा तिच्या माहेरचा, बिडाचा. लग्नात आला तेव्हा खडबडीत होता. अर्धा कांदा तिळाच्या तेलात बुडवून ती त्यावर रोज फिरवायची. वर्षानुवर्षं. त्यावर चपाती टाकायची नाही, त्याला साबण दाखवायचा नाही, सुनेने हात लावायचा नाही. देवघरातल्या समईचं इतकं नव्हतं. निव्वळ अंधश्रद्धा. इतक्या वर्षांचा काळा थर, त्यावर डोसा सुटणार कसा?

दुपारभर घासला. साबण, पावडर, काथ्या, शेवटी विटेचा तुकडा. हाताला फोड आले. पण खालून असं करडं, स्वच्छ लोखंड निघालं की पौर्णिमा उगवल्यासारखं वाटलं. खिडकीत उभा करून ठेवलाय. उद्या ती दारातून आत येताच दिसेल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आली नाही. साहजिकच. सुट्टीचा दिवस, बसला गर्दी.

आमच्या दारात गोमतीने रांगोळी काढली. मी सांगितलं नव्हतं. ताक द्यायला आत आली आणि खिडकीतला तवा पाहून तिने तोंडावर हात ठेवला. हे तुम्ही केलंत का, असं हळूच विचारलं. मी विनयाने हो म्हणालो. ताकाचा तांब्या तिथेच ठेवून गेली. बायकांना तोंडावर कौतुक करता येत नाही.

घासल्या तव्यावर चार डोसे. चारही चिकटले. नव्या तव्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

इळंगोचा फोन, मदुरैहून. आईला भेटायला आलाय. म्हणाला, "अप्पा, एक फोन करा. चुकलो म्हणा. ती पहिल्या बसने येईल, मला माहितेय."

मी विचारलं, कसली चूक? आईची आठवण काढणं ही चूक? तो म्हणाला, आजी मला ठाऊक नाही, पण ही माझी आई आहे आणि ती रोज संध्याकाळी फोनजवळ बसते. मी म्हटलं, आधी डोसा, मग फोन. रिकाम्या हाताने कोणी तह करायला जातं का?

मग पलीकडे कुजबुज झाली आणि फोन तिने घेतला. आपणहून. गेल्यापासून पहिल्यांदा.

"तवा साबणानं घासलात?" बातमी गोमतीने पोचवलेली दिसते.

"साबणानं, काथ्यानं आणि विटेनं. आता आरसा झालाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. मग परत इळंगोच होता. काय केलंत हो अप्पा, एवढंच म्हणाला आणि ठेवला.

गहिवरली असणार. नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा भांडं घासलं.

१७ ऑगस्ट, रविवार

अळगरसामीला न्याहारीला बोलावलं होतं. शाळेतून रिटायर झालेला ड्रिल मास्तर, माझा सकाळच्या फिरण्याचा सोबती. आजचा मेनू: राळ्याचा डोसा, कांद्याची चटणी, आधी कवितावाचन.

तवा तापेपर्यंत पोपटांचं कडवं म्हटलं. तवा जास्त तापला. पीठ पडलं आणि तिथेच जळालं. दुसरा निघेना म्हणून अळगरसामी उलथनं घेऊन स्वतः उठला, दोन्ही पाय फाकवून उभा राहिला, जोर लावला. उलथन्याचा दांडा वाकला. म्हणाला, "वेलायुधम, याला डोसा म्हणू नको. याचा पंचनामा कर."

मग घाम पुसत विचारलं, वहिनीला बोलावणं कधी धाडतोयस? मी गुडघ्यांचं सांगायला लागलो. तो म्हणाला, गुडघ्यांची गोष्ट आता सगळ्या गल्लीत फक्त तूच सांगतोस. त्याच्या बायकोला तव्याचंही ठाऊक आहे. ऐकल्यावर तिने उठून आपला तवा आधी कपाटात ठेवला म्हणे.

शेवटी बसस्टँडजवळच्या हॉटेलात गेलो. तांदळाचे डोसे. मी तीन खाल्ले. हे इथेच राहू दे.

१८ ऑगस्ट, सोमवार

मूळ स्रोताकडे जायला हवं होतं, तेच चुकलं. अक्काला फोन केला. मुत्तुलक्ष्मी अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अजून गावातच असते. आई राळ्याला उडीद किती घालायची, विचारलं.

अक्का इतकी हसली की खोकला लागला. "राळा? अरे, आपल्या काळ्या रानात बाजरी आणि ज्वारी. राळा तू पुस्तकात पाहिलास."

मग डोसा?

डोसा दिवाळीला, म्हणाली. तोही तांदळाचा. तवा मागून आणायचा आणि दुपारच्या आत परत द्यायचा. बाकी वर्षभर बाजरीची आंबील आणि चावायला कांदा. मी म्हटलं, मग रोज सकाळचा तो आवाज? चर्रर्र?

अक्काचं हसणं थांबलं. म्हणाली, "तो समोरच्या मोठ्या घरातला रे. तू ओसरीवर बसून ऐकायचास. लोकांच्या चुलीकडे बघत बसू नये म्हणून आई तुला आत ओढायची. तू यायचा नाहीस. मग ती आत जाऊन रडायची."

अक्काचं वय झालं. या वयात माणसं काहीच्या बाही जोडतात. भाच्याला सांगून चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवं.

संध्याकाळी मन रमवायला कविता म्हणायला बसलो. दुसरी ओळ आठवली नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आज काही शिजवलं नाही. गोमतीनेही सांबार पाठवलं नाही. तिच्या घरी पाहुणे असतील.

विचार केला. आईचा डोसा नव्हता असं क्षणभर धरलं, केवळ वादासाठी, तर मग मी सुंदरवल्लीला ज्याच्यावरून बोललो ते काय होतं? हा प्रश्न नीट मांडला गेलेला नाही. नंतर पाहू.

ठरवलं, फोन करायचा. चुकलो म्हणायचं. एकच शब्द. आंघोळ करून, स्वच्छ वेष्टी नेसून बसलो. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. चांगला वाटला. त्यात एक प्रकारचा नाद आहे.

पहिल्याच रिंगला तिने उचलला.

मी म्हणालो, मेथी किती घालायची?

"एक चमचा."

मी तिचा श्वास ऐकत होतो.

"आणखी काही?" तिने विचारलं.

मी म्हणालो, नाही, एवढंच.

मग फोन बंद झाला.

"आणखी काही" म्हणाली. परक्याला कोणी असं विचारत नाही. यातलं मार्दव कळायला कान लागतो. परवा शुक्रवार. येणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी सात

एक चमचा मेथी. पीठ फुगलंय, पण मर्यादेत. इस्त्रीचा सदरा घातला. दारात स्वतः रांगोळी काढली. ठिपके जुळले नाहीत, भावना जुळली. तव्याला गंज धरलाय कडेने. तो खिडकीतून काढून शेगडीच्या मागे ठेवला. आल्या आल्या दिसायला नको.

शब्दही तयार ठेवलाय. आज मेथीबिथी विचारायची नाही. ती चपला काढत असतानाच म्हणून टाकायचा.

तोच दिवस. दहा वाजता

मदुरैची पहिली बस नऊला येते. नऊ वाजून गेल्यावर बेल वाजली नाही. कुलपात किल्ली फिरली. दुसरी किल्ली फक्त तिच्या कमरेला असते. मी उठलो, सदरा ओढला, आणि दार उघडायच्या आत "चुकलो" म्हणालो. जरा मोठ्यानेच.

दारात एक अनोळखी बाई. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, पदर खोचलेला. माझ्याकडे पाहून गोंधळली. म्हणाली, नाही अय्या, चुकला नाहीत, हेच घर. आपलं नाव पेच्चियम्माळ सांगितलं. अम्मांनी निरोप धाडून ठरवलंय. दोन वेळचा स्वयंपाक. मी विचारलं, किल्ली?

"अम्मांनी माझ्या भावाच्या हाती पाठवली. माझ्याकडेच ठेवायची म्हणाल्या."

मी म्हटलं, काय काय करता येतं तुम्हाला? म्हणाली, सगळं येतं अय्या. पण या घरात डोसा तेवढा करायचा नाही, असं सांगितलंय.

ती चपला काढत होती. मी विचारलं, कधीपर्यंतचं ठरलंय.

"पोंगलपर्यंत."

म्हणजे जानेवारी. हिशेब केला. फार नाही, चारपाच महिने. तेवढ्यात गुडघे...

"हा पोंगल नव्हे, अय्या," ती म्हणाली. "पुढचा."

मी दारातून बाजूला झालो.