रॉकेलचं नरसाळं आणि रबरी नळी

६ नोव्हेंबर १९७७, रविवार
आजही सांगणं झालं नाही. भिवापूरच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक झाल्याचं कळून आठवडा झाला. एक डिसेंबरला रुजू व्हायचं. तिथेच खोली घेऊन राहावं लागेल, रविवारी फक्त घरी. लग्नाला अजून वर्षही नाही. आधी ह्यांना एकट्यात विचारायचंय. पण एकटं कुठे? लकडगंजात आमची आरामशीन, तिच्या मागेच घर. लाकूड चिरण्याच्या आवाजात सगळं घर ओरडूनच बोलतं. मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं. मशीन बंद झाली तरी कुणाचा आवाज खाली येत नाही.

म्हणून मोटरसायकलवर गाठलं. कन्हानपर्यंत गेलो. वारा, इंजिन, त्यात ह्यांचं हेल्मेट. (श्रावणात घसरून पडले तेव्हापासून सासूबाईंनी शपथ घातली आहे.) पाठीमागून सगळं सांगून टाकलं. ह्यांनी मान डोलावली. मी खूश. उतरल्यावर विचारलं तर म्हणाले, "मले वाटलं, हळू चालवा म्हणून राहिली."
कप्पाळ.

९ नोव्हें.
ह्यांना एवढंच कळलंय की हिला काही बोलायचंय आणि ते घरात बोलण्यासारखं नाही. काय, ते राहिलं बाजूला, बोलण्याचं यंत्र शोधायला निघाले. पुरुषांना अडचण सांगितली की ते आधी पाना-पक्कड घेतात. सीताबर्डीवर ह्यांचा एक मित्र रेडिओ दुरुस्त करतो. तो म्हणे जुन्या टेलिफोनचे तुकडे, वायर, बॅटरी जोडून देतो, दोघांनी आरामात बोला. ह्यांचं मत वायर. माझं मत साधी रबरी नळी, दवाखान्यात असते तसली. हसले मला. हसू देत.

१३ नोव्हें., रविवार
वायरचा संच लावून कामठीपर्यंत. इंजिन सुरू होताच कानात फुटाणे फुटायला लागले. ह्यांचं "हॅलो" तेवढं कळलं, तेच ते दहा वेळा. चहाला उतरलो तर वायर सोडवायची राहिली. हे पुढे चालले, मी मागून दावणीला बांधल्यासारखी. चहावाला हसला, मीही हसले, आणि हसताहसता रडूच आलं. आज पुन्हा सांगायचं राहिलं म्हणून. हे घाबरले. येताना आपणहून म्हणाले, नळी आणतो.

१६ नोव्हें.
नळी आली. एक टोक हेल्मेटच्या आत, ह्यांच्या कानाशी चिकटपट्टीने बसवलं. दुसऱ्या टोकाला तोंडाशी धरायला काही हवं होतं, म्हणून स्वयंपाकघरातलं रॉकेलचं नरसाळं उचललं. राखेने घासलं तरी वास जात नाही.

अंगणात करून पाहिलं. आरामशीन चालू होती. मी अगदी हळू म्हटलं, ऐकू येतं का. हे वळले आणि बघतच राहिले.
"तुहा आवाज असा हाय?"
आत सा.बाई नरसाळं शोधत होत्या.

२० नोव्हें., रविवार
सांगितलं! कामठीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तिथे सुरू केलं. नेमणूक, खोली, रविवार, सगळं. मला ही नोकरी हवी आहे, हेही. आयुष्यात इतकं सलग कुणाशी बोलले नव्हते.

नळी एकतर्फी, उत्तराला थांबावंच लागतं. हे कन्हानच्या टपरीवर थांबले, इंजिन बंद केलं. पण हेल्मेट डोक्यातच, आणि गळा आरामशीनचा.
"तू जाय भिवापूरले. बाबाले मी सांगतो. तुले करमलं नाही तं वापस ये, मले करमलं नाही तं मीच येतो."
अख्खी टपरी वळली. त्यात आमच्याकडून फळ्या नेणारे सुतारकाका, बशी ओठाला लावलेली. मी पदरात तोंड लपवलं. पण आनंद असा की काय सांगू.

२१ नोव्हें.
हे बाबांशी बोलायला मुहूर्त शोधत होते. सुतारकाका सकाळीच आले आणि सगळं सांगून गेले, वर अभिनंदनही. मामंजींनी मशीनच बंद केली.
"टपरीले सांगते, बापाले नाही."
इतकी शांतता या घरात मी पहिल्यांदा पाहिली. चूक आमचीच, त्यांना लागलं ते खरं आहे.
सा.बाईंनी फक्त विचारलं, नरसाळं कुठं हाय. दिलं, नळीसकट. आता बोलणी बसणार असं वाटलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, नळी कानाला लावली, आणि ठेवून घेतलं.

२४ नोव्हें.
मामंजी ह्यांच्याशी बोलत नाहीत. जेवताना मला वाढ म्हणतात, तेवढंच. पेटी काढून पुसून ठेवली. भरली नाही.

२७ नोव्हें., रविवार
दुपारी मामंजी ओसरीवर पडले होते. जन्मभर मशीनपाशी राहून त्यांचे कान गेले आहेत. त्यांना काही सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. सा.बाई जवळ बसल्या, नळी त्यांच्या कानाशी दिली, नरसाळं तोंडाशी धरलं आणि बराच वेळ बोलल्या. आम्ही दोघं दाराशी. एक शब्द ऐकू आला नाही. मामंजी आधी मान हलवत होते. मग नुसते ऐकत राहिले. मग उठून बसले.
"हे तू आधी काहून नाही सांगितलं वं?"
सा.बाईंनी नरसाळं खाली ठेवलं. "सांगतच तं होती."

काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. माझ्याविषयी होतं की त्यांच्या स्वतःच्या कुठल्या राहून गेलेल्या गोष्टीविषयी, कोण विचारणार. संध्याकाळी मामंजींनी ह्यांना चहा घेतला का म्हणून विचारलं. मला म्हणाले, भिवापूरची मिरची चांगली राहते. हा होकार की नुसती मिरची, देव जाणे.

पेटीत दोन लुगडी टाकली. झाकण उघडंच ठेवलं आहे. नळी मामंजींच्या उशाशी. सकाळी मशीन सुरू झाली की तीच घेऊन विचारणार आहे. हळू आवाजात.