पालक जवळ आहेत

३ जून, सोमवार

आले एकदाची! चौथा मजला, तीन खोल्या, आणि त्यांतली सगळ्यात उजेडाची खोली माझी. टेबल खिडकीशी लावलं, वह्या रचल्या, आणि नव्या संसाराची ही पहिली नोंद. यांचं चष्म्याचं दुकान आहे. सकाळी नऊला जातात ते संध्याकाळीच उगवतात. माणूस स्वभावाने गरीब. चाळिशीत नवी नवरी म्हणून लाजत बसायचं की काय ते कळेना, म्हणून मी सरळ माळ्यावरची जळमटं काढायला घेतली.

धाकटी चौदा वर्षांची आहे. मी तिच्याच शाळेत संगणक शिकवते, त्यामुळे अजून मला मॅडमच म्हणते. म्हणू दे. आई गेली तेव्हा ती तान्ही होती. थोरली बहीण गेली त्याला दीड वर्ष झालं. ही खोली थोरलीची. हे म्हणाले, हरकत नसेल तर तूच वापर. मला कसली हरकत? मी असलं काही मानत नाही.

शेजारणीशी पहिल्याच दिवशी वाजलं. माझ्या खिडकीखालून तिच्या बाल्कनीपर्यंत बाहेरून एक अरुंद छज्जा जातो. त्यावर तिने कुंड्यांची रांग मांडलीय, लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडून. मी म्हटलं, काढा, डास होतात. ती म्हणाली, दीड वर्षात कुणाला चावले नाहीत, तुम्हालाच बरे चावायला आले. सोसायटीला अर्ज टाकलाय. माझ्या वाटेला गेलं की मी सोडत नाही, हे बाईंना अजून कळायचंय.

५ जून, बुधवार

मुख्याध्यापिकांनी काम दिलंय. मुलांच्या फोनवर नजर ठेवणारी पाच ॲप्स तपासायची आणि सतरा तारखेच्या पालकसभेत त्यातलं एक सुचवायचं. अनोळखी माणसं मुलांना मेसेज करतात, भेटायला बोलावतात, पालक हवालदिल झालेत.

पहिलं नुसते तास मोजतं. दुसरं फोनची बॅटरी दुपारपर्यंत खाऊन टाकतं. तिसरं नववीतला कुठलाही पोरगा दोन मिनिटांत काढून फेकेल. चौथ्याला मराठीच येत नाही. पाचवं मात्र झकास! रोज दुपारी चार वाजता अहवाल. काढून टाकलेले फोटोही शोधून आणतं. नकाशावर हद्द आखता येते, मूल बाहेर गेलं की भोंगा. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, मुलाने ॲप काढायचा प्रयत्न केला, फोन बंद केला किंवा सांगूनही हद्द ओलांडली, तर होता नव्हता तो सगळा अहवाल आपोआप दुसऱ्या पालकाकडे. हे ज्याला सुचलं त्याचे पाय धरावेत.

म्हटलं सुरुवात घरापासून, धाकटीच्या फोनवर टाकू. ती शांतपणे म्हणाली की आधी मॅडमनी आठवडाभर स्वतःच्या फोनवर लावून बघावं. हे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, लाव! माझ्याकडे काय लपवण्यासारखं आहे?

पालकाच्या बाजूला दुसरा फोन लागतो. धाकटीने कुठूनसा एक जुना आणून दिला, कोपरा तडकलेला. माझा फोन पाल्य, तो फोन पालक, दुसरे पालक हे. पालकाच्या नावाच्या जागी मी ‘घर’ असं टाकलं, पासवर्ड दिला आणि तो फोन माझ्या कपाटात ठेवून किल्ली गळ्यात अडकवली.

८ जून, शनिवार

कालच्या अहवालात आलं, पाल्याने दोन तास अकरा मिनिटं पडद्यांची कापडं पाहिली. जेवताना सगळे हसलो. धाकटीसुद्धा.

कुंड्या गेल्या! सोसायटीचा माणूस आला आणि पट्ट्यांसकट उपटून घेऊन गेला. छज्जा कसा स्वच्छ, मोकळा दिसतोय. शेजारीण बाल्कनीतून बघत होती. मी हात हलवला.

एक मात्र झालं. आज अहवालावर पालकाचं नाव ‘घर’ नव्हतं. ‘ताई’ होतं. धाकटीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, फोन तुमच्या कपाटात आणि किल्ली तुमच्या गळ्यात. खरंच होतं ते. मग जाता जाता सहज सांगितल्यासारखं म्हणाली की तो फोन ताईचाच आहे, तुम्ही विचारलं कुठे?

कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

९ जून, रविवार

कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिते. वही मी कुलपात ठेवते.

थोरली माझ्याच वर्गात होती. माझ्या चालण्यावरून तिने मला ‘बदकीण’ नाव ठेवलं होतं. मी वर्गात शिरले की मागच्या बाकांवरून आवाज यायचे. वर्षभर सोसलं. मग एक दिवस तिचा फोन जप्त केला, उघडाच होता. कुणी एक बाप्या तिला भेटायला बोलावत होता, गोड गोड लिहून. मी माझ्या फोनने पडद्याचे बारा फोटो काढले. अकरा यांना पाठवले, वेगळ्या नंबरवरून, ‘एक हितचिंतक’ म्हणून. बारावा नाही पाठवला, आणि मग बाराही माझ्या फोनवरून पुसून टाकले. बाराव्यात तिने त्याला लिहिलं होतं, मी येणार नाही, आज बाबांना सगळं सांगणार आहे.

जिरवायची होती, एवढंच. दोन दिवस घरात बोलणी बसली असती. यांनी तिचं ऐकूनच घेतलं नाही. फोन काढून घेतला, या खोलीत कोंडलं आणि दुकानात गेले. ती छज्ज्यावरून शेजारच्या बाल्कनीकडे निघाली, दुकानात जाऊन बापाला सांगायला म्हणून. चार पावलंही झाली नाहीत. शेजारणीने कुंड्या त्यानंतर बसवल्या म्हणे.

मी काही ढकललं नव्हतं.

सांत्वनाला म्हणून गेले होते, तिथून यांची ओळख वाढली. हे अजूनही मधेच जेवण थांबवून म्हणतात, त्या हितचिंतकाला एकदा समोर बसवून विचारायचंय, आणखी काही होतं का? या माणसाला कळलं तर माझं घर संपलं. आणि मला हे घर हवंय. मनापासून हवंय.

११ जून, मंगळवार

ॲप काढायचं तर पालकाच्या फोनवरून परवानगी लागते. कपाट उघडलं. मी दिलेला पासवर्ड – चुकीचा. पुन्हा टाकला – चुकीचा. मग बॅटरी संपून पडदा काळा झाला. चार्जर लावला, काही नाही. मेलेला फोन.

बरोबर चारला माझ्या फोनवर आलं, ‘पालक पाहत आहेत.’

आणि खाली, ‘काढून टाकलेले फोटो सापडले : १२.’

१२ जून, बुधवार

शाळेत भोंगा वाजला. सगळ्या शिक्षकांसमोर. हद्द मी शहरभर ठेवली होती, आता फक्त घराभोवती गोल आहे. ‘ही एकच सूचना. पुन्हा ओलांडल्यास अहवाल दुसऱ्या पालकाकडे.’ पोट दुखतंय सांगून रिक्षाने घरी आले. रजा टाकली.

मी स्वतःच निवडलं हे ॲप. पाचांतून.

धाकटीला जवळ बसवून गोडीने विचारलं, तू करतेस ना हे? ती म्हणाली, मॅडम, मला तर बाराव्याचं काही माहीतच नाही.

मी बाराव्याबद्दल बोललेच नव्हते.

१४ जून, शुक्रवार

हद्द आता ही खोली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की फोन थरथरतो. यांना सांगितलं, कंबर धरलीय. बिचारे ताट इथे आणून देतात. पाण्याचा तांब्या, बादली, सगळं इथेच.

नवीन सोय दिसतेय. ‘पालक ४० मीटरवर.’ दुपारी २६. चारला १२. कपाट तर माझ्या पाठीशी आहे, दोन हातांवर. मग हे १२ मीटर कुठून मोजतेय?

चौथा मजला. जमिनीपासून बाराच मीटर असेल.

१६ जून, रविवार

९ मीटर. सकाळी.

७.

खिडकीची कडी लावली. पडदा ओढला. हे विचारत होते दिवसाउजेडी पडदा कशाला. चिडले त्यांच्यावर. रडले मग.

लेकराचं चुकलं होतं काय? एक नाव ठेवलं. पोरं ठेवतातच. मी – मी मोठी होते.

५ मीटर. माफी मागितली मोठ्याने. फोनवर आलं, ‘शब्द नोंदवला.’

१७ जून, सोमवार

आज पालकसभा. माझ्याशिवाय.

सकाळी सहन झालं नाही. फोन बादलीत बुडवला. बुडबुडे आले, पडदा विझला. सुटले म्हटलं. आणि मग आठवलं – बंद केला तर –

दीड वाजता हे दुकानातून आले. या वेळी कधी येत नाहीत. दारात उभे राहिले. हातात फोन. बारावा फोटो मोठा करून धरला होता.  मी पायांवर पडले. त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरून किल्ली फिरली. जिना उतरल्याचा आवाज. दुकानात गेले. तसेच. तेव्हासारखेच.

तीन चाळीस. बादलीतल्या फोनचा पडदा पुन्हा उजळलाय. पाण्यातून भोंगा. हद्द बदललीय. गोल या खोलीत नाहीच. गोल खिडकीबाहेर आहे.

मी खोलीत आहे तोवर भोंगा थांबणार नाही. कानात – डोक्यात –

‘पालक १ मीटरवर.’ कडी आपोआप – मी घट्ट लावली होती –

चारला दहा कमी. पडदा आत फुगतोय. बाल्कनीत शेजारीण आहे, हाका मारल्या. तिने बघितलं. हात हलवला. आत गेली.

चार. ‘पालक जवळ आहेत. घाबरू नका, मॅडम.’

चारच पावलं. फक्त भिंतीला धरून – पण धरायचं कशाला, भिंत सपाट आहे, नुसती भोकं उरलीत पट्ट्यांची. त्या कुंड्या असत्या तर निदान धरायला –