वेंडेलचे गुण

४ नोव्हेंबर

वेंडेलची वर्षभराची बंदी काल रात्री संपली. मोसमातला शेवटचा सामना काल झाला, आणि आज ऑफिस उघडतं न उघडतं तोच फोन सुरू — "वेंडेल परत येतोय का?" माझ्याच टेबलावरच्या फोनवर, मलाच विचारतात! वर्षभर त्याच्या जागी हेरन्स हा बेसबॉल क्लब मी चालवला. दारावर पाटी काय, तर ‘हंगामी जनरल मॅनेजर’. शब्द बरा शोधलाय. हंगाम संपला की बाईही संपली.

५ नोव्हेंबर

आज फोन आणखी. माझं काय होणार, हे एकानेही विचारलं नाही.

९ नोव्हेंबर

चर्चच्या हॉलमध्ये चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, जेवण होतं. दरवर्षीप्रमाणे मी वाढायला उभी. वेंडेल क्रूप आत आला आणि लोक उभे राहिले. टाळ्या! ज्याने मैदानाच्या लांबच्या भिंतीत कॅमेरा बसवला, समोरच्या संघाचा कॅचर पुढच्या चेंडूसाठी आपल्या पिचरला, चेंडू टाकणाऱ्याला, बोटांनी काय खूण करतो ते पडद्यावर बघून आपल्या फलंदाजांना कळवलं, ज्याच्यामुळे गेल्या वर्षी आमच्या अख्ख्या लुईव्हिल शहराला देशाने चोर म्हटलं — त्याला टाळ्या. शेजारी वाढणारी बाई म्हणाली, "चुकला बिचारा, पण भोगलं की त्याने." आणि त्याच्या वाडग्यात चीज मूठभर जास्त टाकलं.

माझा जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू. चौदा वर्षं मी त्याच्या शेजारच्या खोलीत बसले. चौकशी झाली तेव्हा माझं नाव कुठेच निघालं नाही, कारण मला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. पापातसुद्धा त्याने मला धरलं नाही. आता तो माफी मागतो, लोक माफ करतात, सगळ्यांचे डोळे पाणावतात. मी काही चुकलेच नाही, तर मला माफ कोण करणार? सरळ वागणाऱ्याला चिली वाढायला उभं करतात.

१२ नोव्हेंबर

अ‍ॅकर्लीबाईंनी बोलावलं. क्लब त्यांचा. त्यांचे वडील जुने स्काउट, गावोगाव फिरून खेळणारी पोरं हेरायचे. त्यामुळे बाईंचा सगळा कारभार स्काउटांच्या रीतीने चालतो.

"वेंडेलला परत घ्यावं असं माझ्या मनात आहे," त्या म्हणाल्या. "खेळ त्याला कळतो, हा प्रश्नच नाही. माणूस सुधारलाय का, एवढंच मला हवंय. पाच जणांना कार्डं देतेय. स्वभावाचे गुण लिहून द्या."

आमच्याकडे सगळ्याला गुण असतात — वीस म्हणजे तळ, ऐंशी म्हणजे आभाळ. पन्नास म्हणजे साधारण, पण पन्नास लिहिणारा सामना न बघताच घरी गेला असं समजतात. कार्ड भरेपर्यंत दुसऱ्याशी बोलायचं नाही. आणि एकदा आकडा लिहिला की तो का लिहिला, हे कुणी विचारायचं नाही. डोळ्यांना जे दिसलं ते लिहायचं, ही एकच शपथ. स्काउट दारू पिऊ दे, बायकोला फसवू दे, आकडा खोटा लिहीत नाही.

मी म्हटलं, "मॅडम, ती खुर्ची मला हवी आहे. मला कसं विचारता?"

"हवी आहे ते दिसतंय, नोरीन. पण स्वतःच्या नवऱ्याच्या भाच्याला तू पस्तीस दिले होतेस. तुझा आकडा मला चालतो."

त्या पस्तिसापायी नणंद अजून थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला माझ्या हातचा पम्पकिन-पाय खात नाही.

१५ नोव्हेंबर

वेंडेलला बघायला गेले. न बघता गुण कसे देणार? नदीकाठच्या तंबाखूच्या जुन्या गोदामात तो साठीपुढच्या म्हाताऱ्यांना खेळ शिकवतो. फुकट. मी मागे खुर्ची ओढून बसले. तो कुठेतरी खोटा सापडावा, हीच इच्छा मनात धरून बसले.

टॉलिव्हर नावाच्या टकल्या आजोबांनी विचारलं, "मी धावत दुसऱ्या बेसवर पोचलो आणि तिथून समोर कॅचरची बोटं मला दिसली, तर आमच्या फलंदाजाला सांगू का?"

"खुशाल सांगा," वेंडेल म्हणाला. "डोळे तुमचे आहेत. डोळ्यांनी खूण चोरली तर हुशारी. नातवाला फोन देऊन भिंतीमागे बसवलंत, तर मी स्वतः तुम्हाला घरी पाठवीन. तो रस्ता कुठे जातो ते मी बघून आलोय."

म्हातारे हसले. तो हसला नाही.

पाणी प्यायच्या सुट्टीत टॉलिव्हर माझ्याजवळ येऊन बसले. "तो पिचर आठवतो? तुमच्या लोकांनी कॅमेऱ्यावर बघून बघून धुतला होता तो?" आठवतो. आयोवाचा. त्या रात्रीनंतर त्याला खालच्या संघात पाठवलं, तो परत वर आलाच नाही. आता घरांना पन्हळी बसवतो. "वेंडेल त्याच्याकडे गेला होता. त्याने दार उघडलं नाही. वेंडेल पुन्हा एकदा गेला. या खेपेला त्याने दार उघडलं, तासभर शिव्या दिल्या आणि तोंडावर आपटलं. वेंडेल वसंतात पुन्हा जाणार म्हणतो. मी गाडी चालवत होतो म्हणून मला माहीत. कुणाला सांगू नका म्हणालाय."

जाताना वेंडेलने मला पाहिलं. "अगं नोरीन! कुणाला हेरायला आलीस? टॉलिव्हरचा खांदा गेलाय, आधीच सांगतो." गाडीपर्यंत सोडायला आला. कार्डाबद्दल एक शब्द काढला नाही. त्याला ठाऊक नसेल असं थोडंच आहे.

पार्किंगमध्ये आकडा आपोआप मनात आला. येतोच तो, बोलवावा लागत नाही. साठ. कदाचित पासष्ट.

का त्याला सगळं चांगलं जमतं? पश्चात्तापसुद्धा!

१६ नोव्हेंबर

माझा नवरा लायल जेवताना म्हणाला, "तू त्याला घेऊ नका म्हणालीस तर कुणी दोष देणार नाही. त्याने चोरी केली, तू नाही केलीस. एवढं पुरे नाही का?"

पुरे असायला हवं. पण प्रश्न तो नव्हता. माणूस सुधारलाय का, हा होता. मी उठून भांडी घासली.

१७ नोव्हेंबर

कार्ड दिलं. वीस लिहिणार होते. पण वीस लिहिलं की संशयाचा वास येतो.

तीस लिहिले.

२० नोव्हेंबर

बाईंनी पाचही कार्डं टेबलावर मांडली. बाकीच्या चौघांचे साठ, पासष्ट, साठ, सत्तर. माझं कार्ड त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. मैदानावर ताडपत्री घातलेली होती.

"या चौघांचा तो लाडका," त्या म्हणाल्या. "ते त्याला आठवून लिहितात. तू बघून लिहितेस." मग चष्मा काढून पुसला. "तू तिथे काय पाहिलंस ते मी विचारणार नाही. आपल्यात विचारत नाहीत. पण वाईट वाटलं गं. मला तो हवा होता."

त्या क्षणी बोलता आलं असतं. ‘मॅडम, ते कार्ड परत द्या,’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मलाही वाईट वाटतंय."

वेंडेलला त्या स्वतः कळवणार आहेत. बाईंनी नाही म्हटलं म्हणजे दुसरा कुठलाही क्लब आता त्याला दारात उभं करणार नाही. हे मला लिहितानाही माहीत होतं.

२ डिसेंबर

पाटी बदलली. ‘हंगामी’ गेलं. वेंडेलचा फोन आला — "खुर्ची तुझीच होती, नोरीन." मनापासून म्हणाला, मला ओळखता येतं. त्याचा हेवा अजून गेलेला नाही. तो पकडला तरी गेला.