चिठ्ठीतल्या नव्वद, वरच्या तीस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो कागदावरच घातला आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इथे सगळे ठीक, म्हणजे बाबांचा हात सोडून.

तू परदेशातून पाठवलेल्या गोळ्यांचं पार्सल सोमवारी जकात कार्यालयात अडकलं. खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेले साहेब होते. हाताचा कंप थांबवणारी ही गोळी आपल्याकडे मिळत नाही, हे मी त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून समजावलं. (बशीत सांडणारा चहा, सदऱ्याची न लागणारी बटणं, हेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं.) साहेब भले. "विकायला नाहीत ना? घरच्यासाठीच?" एवढं विचारून त्यांनी शिक्का उचलला. तेवढ्यात माझी नजर पट्ट्यांवर गेली. चिठ्ठीत नव्वद गोळ्या, आणि तू मायेपोटी पाठवलेल्या एकशेवीस. साहेबांनी मोजल्या नव्हत्या. मी मोजल्या, आणि वर त्यांना सांगितलं. ताई, शिक्का हवेतच राहिला. मागच्या बाईंनी आपलं पार्सल माझ्यापासून जरा दूर सरकवलं. साहेबांनी चष्मा खाली घेतला, नियमांचं बाड उघडलं, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, आणि नव्वद देऊन तीस ठेवून घेतल्या.

परत येताना मनात एकच घोळत होतं, की हा प्रामाणिकपणा म्हणायचा की नुसता भित्रेपणा? कुणी पकडायच्या आत कबूल करून मोकळं व्हायचं, ही माझी शाळेपासूनची खोड. (वर्गात न फोडलेली काचही मी एकदा कबूल केली होती, तुला आठवत असेल.) पण सचोटी माझी आणि थरथरणार बाबांचा हात, हे कुठल्या न्यायात बसतं? बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी नव्वदच्या नव्वद पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "खरं बोलायला मीच शिकवलं तुला. जरा कमी शिकवायला हवं होतं."

तुझा आणि आता जकात खात्याचाही विश्वासू,
धाकटा

ता. क. : तीस गोळ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. भागतंय.

ता. क. २ : भागत नाही. तीस गेल्यापासून बाबा दिवसाला दोनऐवजी एकच गोळी घेतात, हे काल कळलं. उरलेल्या तू येशील तेव्हासाठी राखून ठेवल्या आहेत. तुला हात हलताना दिसायला नको म्हणे. यंदा येणं जमत नाही, हे तुझं मागचं पत्र मी त्यांना दाखवलेलंच नाही. पुढच्या महिन्यात येतेस, असं सांगून बसलो आहे. साहेबांपुढे जे जमलं नाही, ते घरात सहज जमलं. तेव्हा नवी चिठ्ठी सोबत धाडतो आहे. त्यात आहेत तेवढ्याच गोळ्या आण, पण तू स्वतः घेऊन ये.