सहा चाकांची वाटणी

मी, वय वर्षे एक्काहत्तर, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आणि आता विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाच्या दबावाखाली नव्हे. जिवंतपणी कोणी ऐकून घेतले नाही म्हणून.

१. राहते घर. यातला निम्मा भाग ह्यांनी मला न विचारता आपल्या धाकट्या भावाच्या नावे करून ठेवला. माझा निम्मा भाग, स्वयंपाकघरासह, मुलीला. दिरांनी चहाला जरूर यावे, पण विचारून.

२. माझ्या वडिलांचे भिंग, चिमटे व हत्यारे मुलीला. ती वापरणार नाही, ठाऊक आहे. तरी दुसऱ्या कोणी हात लावू नये.

३. खेळण्यातले इंजीन. ह्यांना 'खेळण्यातले' म्हटलेले खपत नसे, म्हणून मुद्दाम लिहिते. चाके झिजून ते रुळावर जागच्या जागी घसरू लागले, तेव्हा ह्यांनी नवी चाके हातोडीने ठोकायला घेतली आणि आस वाकवून ठेवला. मग मी बसले. डाव्या चाकाची दांडी अडकवायची पिन असेल त्यापेक्षा उजव्याची बरोबर पाव फेरा पुढे हवी; जरा चुकले की चाकांना जोडणाऱ्या दांड्या अडतात आणि इंजीन लंगडते. तिन्ही जोड्या मी बसवल्या.

ह्यांच्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबाच्या प्रदर्शनात ते झकास धावले. सेक्रेटरींनी विचारले, "चाकं कुणी बसवली हो?"

"मीच. दुसरं कोण बसवणार?" हे म्हणाले. मी शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

घरी जाब विचारला, तर म्हणे, "अगं, तुझं-माझं काय वेगळं आहे का?" घराची वाटणी करताना मात्र होते. त्याचा राग मला आजही आहे, आणि तो कोणाच्या नावे करायचा नाही.

आता दिरांना ते इंजीन क्लबात काचेच्या पेटीत ठेवायचे आहे, खाली भावाच्या कारागिरीची पाटी लावून. पाटीवर माझे नाव घाला, असे दोनदा सांगितले. "वहिनी, या वयात कसली हौस!" म्हणून हसले.

तर इंजीन दिरांनाच द्यावे. मात्र सहाही चाके मी काल उतरवली आहेत, ती मुलीची. नवी चाके बाजारात मिळतात. दिरांनी आणून बसवावीत, मग खुशाल पाटी लावावी.

हे वाचून डॉक्टर म्हणाले, "आजी, चाकांचं एवढं कशाला लिहिता?"

"तुम्ही मी शुद्धीत आहे तेवढं लिहा," मी म्हटले. त्यांनी लिहिले.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेजारच्या शिवणवाल्या बाई (सही)

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. दिनांक: १२ मार्च.

लिहून देणार: (सही)
चाके बसवणारी